डावं पान, उजवं पान

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख आहे 16 मे 2566, मंगळवार. थायलंडमध्ये वर्षं बुद्धाच्या निर्वाणापासून मोजतात. इसवी सनात 543 मिळवले की तिथलं साल येतं. हजेरीपट, पगाराची पावती, मुलांच्या वह्या, सगळीकडे हेच साल. म्हणून मीही तेच लिहायला लागले. त्या दिवशी ईशान्य थायलंडमधल्या एका सरकारी शाळेचं नवं वर्ष सुरू झालं आणि मी इंग्रजी शिकवायला पहिल्यांदा वर्गात उभी राहिले.

वहीची रीत साधी होती. डाव्या पानावर वर्ग: कोणता तास, काय शिकवलं, कुठे अडलं. उजव्या पानावर दिवस: बाजार, पाऊस, कोण काय म्हणालं. डावं पान इंग्रजीत, उजवं मराठीत. ही वाटणी मी ठरवून केली नव्हती. वर्गात जे झालं ते इंग्रजीत आठवायचं आणि बाकीचं सगळं मराठीत, एवढंच. परदेशात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांना मी पुढे हीच रीत सांगत आले. ती का, हे कळायला आधी ते काम कसं चालतं ते पाहावं लागेल.

सुरुवात कागदांनी होते. शाळेनं नेमणुकीचं पत्र दिलं की त्याच्या आधारावर 'नॉन-इमिग्रंट बी' नावाचा व्हिसा मागायचा. त्यासाठी पदवीचं प्रमाणपत्र साक्षांकित करून घ्यावं लागतं आणि पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलिसांचा दाखला काढावा लागतो. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून टोइक किंवा तत्सम परीक्षेचे गुणही मागतात. टोइकचे साधारण 600. एखादा अध्यापन अभ्यासक्रम केलेला असला तर बरं. केंब्रिजचा सेल्टा पूर्णवेळ केला तर चार आठवड्यांचा असतो आणि त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं. ते सहा तास मला सर्वांत उपयोगी पडले.

व्हिसावर तिथे उतरलं की 90 दिवस मिळतात. तेवढ्यात तीन गोष्टी उरकायच्या: शिक्षक परिषदेची, म्हणजे 'खुरुसफा'ची तात्पुरती परवानगी, कामगार खात्याचा कामाचा परवाना, आणि मग इमिग्रेशनकडून मुक्कामाची मुदतवाढ. कामाचा परवाना हातात येण्याआधी शिकवणं बेकायदा आहे. पर्यटक म्हणून शिरून 'नंतर बघू' म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. पकडलं तर शाळा हात झटकते आणि दंड आपल्या माथी येतो.

मुदतवाढ मिळाल्यावरही दर 90 दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. देशाबाहेर जाताना परत येण्याची परवानगी आधी काढली नाही, तर तो सगळा मुक्कामच रद्द होतो. एकदा येण्यासाठी ती 1000 बाथला मिळते. वहीचं शेवटचं पान मी या तारखांसाठी राखून ठेवलं होतं. दिवाळीला घरी येण्याच्या घाईत हा शिक्का राहून गेला असता, त्या पानानं वाचवलं.

आता शाळा. सकाळी आठला सगळी मुलं मैदानात रांगेत उभी राहतात, झेंडा चढतो, राष्ट्रगीत होतं, प्रार्थना होते. तास साधारण 50 मिनिटांचा. मला आठवड्याला वीस तास होते, वर्गात चाळीसेक मुलं, आणि बहुतेक वर्ग आठवड्यातून एकदाच भेटायचे. म्हणजे जवळजवळ आठशे चेहरे, आणि प्रत्येकाशी दर आठवड्याला पन्नास मिनिटं. वर्गात शिरलं की मॉनिटर ओरडतो, सगळे उठतात आणि एका सुरात म्हणतात, "गुड मॉर्निंग थीचा, आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?" ते वाक्य मुलांना गाण्यासारखं पाठ असतं. कोणी कसं आहे हे विचारण्याआधीच ती उत्तर देऊन टाकतात. पहिल्या आठवड्यात माझं सगळं बळ त्या गाण्यातून एक खरं उत्तर काढण्यात गेलं. शेवटी एक मुलगा म्हणाला, "हंग्री." त्या तासाला पुढे भुकेवरच बोलणं झालं.

शाळेत कानावर पडणारे शब्द मराठी माणसाला थबकवतात. शिक्षक म्हणजे 'ख्रू', आपला गुरू. महाविद्यालयातला तो 'आचान', आचार्य. प्राथमिक वर्ग 'प्रथोम', माध्यमिक 'मत्थयोम'. भाषेला 'फासा', शिक्षणाला 'सुक्सा'. ज्या भागात मी होते त्याचं नावच ईसान, ईशान्य दिशेवरून. तिथल्या उदोन थानीमध्ये उत्तर आणि धानी आहेत, उबोन रातचथानीमध्ये राजधानी. थाई वर्णमालेचा क्रमही कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत आपल्यासारखाच चालतो. फक्त जुने घोष वर्ण आता महाप्राण झाले आहेत, म्हणून ग चा ख, द चा थ आणि ब चा फ ऐकू येतो.

जूनमध्ये एका गुरुवारी 'वाय ख्रू' होतो, गुरूला वंदन करण्याचा दिवस. दिवस गुरुवारच, कारण थाईतही तो वार बृहस्पतीचा. मुलं तबकं सजवून आणतात आणि गुडघ्यांवर पुढे सरकत ती शिक्षकांना देतात. त्या तबकात काय असतं ते मी उजव्या पानावर सगळं उतरवून घेतलं होतं: इक्झोराची लाल फुलं, दुर्वा, वांग्याचं फूल आणि लाह्या. इक्झोराला तिथे 'खेम' म्हणतात, म्हणजे सुई, म्हणून ती तल्लख बुद्धीची खूण. दुर्वा तुडवली तरी पसरते, तसं ज्ञान पसरावं. वांग्याचं फूल खाली झुकलेलं असतं, ते नम्रतेचं. लाह्या शिस्तीच्या, कारण भांड्यात कोंडून तापवल्यावरच भात फुलतो. दुर्वा आणि लाह्या एकाच तबकात पाहून मला घरच्या पूजेची आठवण आली. वांग्याच्या फुलाला पूजेत असा मान मी तिथेच पहिल्यांदा पाहिला.

पण अशा दिवसांनी शिकवणं सोपं होत नाही. माझं खरं काम डाव्या पानावर चाललेलं होतं.

पहिले तीन आठवडे तिथे एकच तक्रार दिसते: मुलं शब्दाचा शेवट गिळतात. 'स्कूल'चं 'सकून', 'फुटबॉल'चं 'फुत्बॉन', 'ॲपल'चं 'ॲप्पेन', 'बस'चं 'बत'. लिहायला सांगितलं की स्पेलिंग बिनचूक. मी पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होते, मुलंही मनापासून म्हणत होती आणि निकाल तोच येत होता. एका शनिवारी दुपारी बाहेर धो धो पाऊस पडत असताना मी तीन आठवड्यांची डावी पानं उलटली आणि चुकलेले शब्द एका कागदावर एकाखाली एक लिहिले. तेव्हा दिसलं की चुका सुट्या नव्हत्या, त्यांना नियम होता. शेवटचा ल नेहमी न होत होता आणि शेवटचा स नेहमी त.

मग उजवी पानं उघडली. तिथे मी हौसेनं संस्कृतातून गेलेले थाई शब्द टिपून ठेवले होते. मंगल, तिथे 'मोंगखोन'. फल, तिथे 'फोन'. कुशल, तिथे 'कुसोन'. रस, तिथे 'रोत'. आकाश, तिथे 'आकात'. लिहिताना अक्षर ल, स किंवा श च असतं, पण शब्दाच्या शेवटी त्याचा उच्चार न किंवा त होतो. थाईत शब्दाच्या शेवटी मोजकेच व्यंजनध्वनी येऊ शकतात, ल आणि स त्यांत नाहीत. मुलं आळशी नव्हती. ती त्यांच्या भाषेचा नियम इमानदारीनं पाळत होती, तोच नियम ज्यानं शेकडो वर्षांपूर्वी आपल्या मंगलचं मोंगखोन केलं. उपाय डाव्या पानावर सापडण्यासारखा नव्हता आणि उजव्यावर तो आधीच लिहिलेला होता. माझं मलाच कळलं नव्हतं.

सोमवारी उपाय करून पाहिला. ल शब्दाच्या सुरुवातीला असला की थाई मुलं तो सहज म्हणतात. म्हणून 'स्कूल'पुढे 'इज' जोडलं: 'स्कू-लिज'. 'बस इज'चं 'ब-सिज'. शेवटचं व्यंजन पुढच्या स्वराला चिकटलं की ते नव्या अक्षराची सुरुवात होतं आणि जीभ अडत नाही. 'स्कू-लिज बिग' सगळ्यांना जमलं. मग 'इज' हळू, अजून हळू, नुसतं ओठात, आणि शेवटी नाहीच. जुलै संपेपर्यंत तीन वर्गांत बऱ्याच मुलांच्या तोंडून शेवटचा ल ऐकू येऊ लागला. क्रियापदांच्या काळाला जास्त दिवस लागले, कारण थाई क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. काम झालं असेल तर वाक्यात शेवटी 'लेव' येतं, इतकंच. तिथे मला माझी स्वतःची शाळा कामाला आली. मी मराठी माध्यमातली, पाचवीपासून इंग्रजी शिकलेली. 'वेंट' आणि 'गॉन' माझ्याकडूनही घोकून घेतले होते. परकी भाषा शिकताना कुठे ठेच लागते हे ज्याला लागलेलं असतं त्याला नेमकं दाखवता येतं. नोकरीच्या जाहिरातींमध्ये मातृभाषा इंग्रजी हवी अशी अट वारंवार असते, आणि इतकी वर्षं झाली तरी मला ती अन्यायाचीच वाटते.

आता लिहिण्याबद्दल, कारण तेही एक कामच आहे. नोंद त्याच संध्याकाळी करायची. दुसऱ्या दिवशी नवे दोनशे चेहरे आदल्या दिवसाला पुसून टाकतात. मताऐवजी ऐकलेलं वाक्य लिहायचं. 'इथली माणसं प्रेमळ आहेत' हे वर्षानंतर वाचलं तर काहीच उरत नाही. भाजीवालीनं 'ख्रू, उद्या पेरू येणार आहेत, ठेवते' म्हटलेलं उरतं. किमती लिहाव्यात. न समजलेली गोष्ट प्रश्न म्हणून लिहावी आणि खाली जागा सोडावी. त्यातल्या निम्म्या जागा सहा महिन्यांत आपोआप भरतात.

नावांचं मात्र जपावं. थाई मुलांना जन्मतःच एक टोपणनाव मिळतं आणि शाळेत तेच चालतं: बँक, गोल्फ, आइस, नोक म्हणजे पक्षी. आपल्याकडच्या बंडू आणि बाळसारखंच. ही नावं लिहायला गोड वाटतात. मी नावांऐवजी खुणा काढल्या, पक्षी, चेंडू, ढग, कारण वही उद्या कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही आणि कुठल्याही मुलाची अडचण दुसऱ्यानं वाचावी अशी नसते. 1 जून 2022 पासून तिथे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही पूर्णपणे लागू आहे. मुलांचे फोटो पालकांना न विचारता कुणालाही पाठवू नयेत. राजघराण्याबद्दल तर लेखी काहीही वावगं जाता कामा नये. दंडविधानाच्या 112व्या कलमाखाली एकेका गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षांची कैद आहे आणि परदेशी माणसाला त्यातून सूट नाही.

लिहिताना मला पंडिता रमाबाई हटकून आठवत. इंग्लंडमध्ये स्वतः शिकत असताना चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवत होत्या, आणि अमेरिकेत जे पाहिलं त्यावर त्यांनी 1889 साली अख्खं पुस्तक मराठीत लिहिलं. त्यांना इंग्रजीत लिहिणं सहज येत होतं. तरी ते मराठीतच लिहिलं, घरच्यांसाठी.

दुसऱ्या वर्षाचा मार्च आला. परीक्षा झाल्या, मग नापास मुलांची 'सोप सोम' झाली. सोप म्हणजे परीक्षा, सोम म्हणजे दुरुस्ती. नापासाला दुसरी परीक्षा देण्याला इतका चांगला शब्द मी कुठे ऐकला नाही. माझ्या जागी फिलिपिन्समधून एक शिक्षिका आली होती, आठवडाभर आम्ही बरोबर होतो. मी डाव्या पानांच्या झेरॉक्स काढून तिला फाइल करून दिल्या. झेरॉक्स काढताना उजव्या बाजूवर कोरा कागद ठेवला होता, तरी काही ठिकाणी मराठी ओळींच्या कडा उमटल्या. तिनं त्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे. मी 'मोंगखोन, मंगल' ही ओळ तिला वाचून दाखवली आणि ल कुठे हरवतो ते सांगितलं. ती टागालोगमध्ये काहीतरी पुटपुटत राहिली, मग तिनं पेन काढलं आणि समासात स्वतःची नोंद केली.

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये सामान आवरत होते. व्हरांड्याच्या टोकाच्या वर्गातून चाळीस आवाज येत होते, स्कू-लिज, स्कू-लिज, आणि मग 'इज' हळू होत गेला.