सागरी सहलीची तयारी

आगगाडीच्या प्रवासांत एखादी वस्तु विसरली, तर पुढच्या स्टेशनावर ती मिळवितां येते. मोटारीचा प्रवास असेल, तर गाडी थांबवून दुकान गांठतां येतें. समुद्रप्रवासाची गोष्ट निराळी. जहाजानें एकदां धक्का सोडला कीं, किनारा डोळ्यांना दिसत असला तरी हातीं लागत नाहीं. मुंबईहून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपाकडे सहकुटुंब क्रूझनें जाण्याची सोय आतां झाली आहे. अशा जहाजावर जेवण, अंथरूण, टॉवेल, करमणूक हें सर्व मिळतें. म्हणून बरोबर काय घ्यावें याचा विचार करण्याचें कारणच नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. परंतु जें जहाजावर आहे तें घरून नेणें हें जसें ओझें, तसेंच जें तेथें मिळण्याची खात्री नाहीं तें विसरणें ही अडचण होय. सामान बांधतांना एवढा विवेक राखला म्हणजे पुरे.

पहिला मान औषधांचा. जहाजावर डॉक्टर असतो, लहानसा दवाखानाहि असतो. तथापि आजोबांची रक्तदाबाची नेमकी गोळी किंवा आजींचें इन्शुलिन तेथें मिळेलच असें नाहीं. म्हणून सहलीच्या दिवसांपेक्षां दोनतीन दिवसांचीं अधिक औषधें डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्यावीं. तीं मोठ्या बॅगेंत मात्र ठेवूं नयेत. धक्क्यावर मोठें सामान जहाजाचे नोकर ताब्यांत घेतात आणि तें केबिनींत पोहोंचेपर्यंत कित्येकदां संध्याकाळ होते. औषधें, ओळखपत्रें, चष्मा, तान्ह्या मुलाचें खाणें व कपड्यांचा एक जोड हीं खांद्यावरच्या पिशवींतच असावींत.

‘बोट लागणें’ हा समुद्रप्रवासांतला जुना त्रास. त्याचें मूळ पोटांत नसून कानांत आहे. आंतल्या कानांत तोल सांभाळणारें इंद्रिय असतें. जहाज हेलकावे घेऊं लागलें कीं, तें हालचालीची वर्दी मेंदूस देतें. बंद केबिनींत डोळ्यांना मात्र भिंती स्थिर दिसतात. या दोन साक्षींचा मेळ बसत नाहीं आणि मळमळ सुरू होते. म्हणूनच डेकवर येऊन दूरच्या क्षितिजाकडे पाहिल्यानें बरें वाटतें. यावरच्या गोळ्या त्रास सुरू होण्यापूर्वीं घेतल्या तर अधिक गुण येतो. त्यांपैकीं पुष्कळ गोळ्यांनीं झोंप येते; म्हणून लहान मुलें व वृद्ध यांच्याकरितां डॉक्टरांस आधींच विचारावें. आल्याच्या वड्यांची एक डबीहि जवळ असावी.

यानंतर किरकोळ वस्तु. केबिन लहान असते, पण तिच्या भिंती बहुधा पोलादी असतात. लोहचुंबकाचे चारदोन हुक नेले तर टोप्या व पिशव्या टांगतां येतात. बिनखिडकीच्या केबिनींत दिवा मालवला कीं मिट्ट काळोख होतो. मुलांसाठीं बॅटरीचा मंद दिवा घ्यावा. आंत यंत्राचा गारवा असतो, त्याकरितां शाल हवी. डेक ओला असतो, त्याकरितां न घसरणाऱ्या रबरी तळाच्या चपला हव्यात.

मोबाईल फोनवर मात्र फार विसंबूं नये. किनारा दूर गेला कीं नेहमींचें नेटवर्क जातें, आणि जहाजावरील उपग्रहाच्या नेटवर्कला फोन जोडला गेला तर मोठें बिल येतें. म्हणून फोन ‘विमान मोड’वर ठेवावा. अशा वेळीं चुकामूक झाली तर शोधावें कसें? मुलाच्या खिशांत केबिनीचा क्रमांक व भेटण्याची जागा लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. कागदाचा हा तुकडा वजनाला कांहींच नाहीं. पण हजारों माणसांच्या गर्दींत त्याचा आधार मोठा.

कांहीं वस्तु घरींच ठेवाव्यात. भर समुद्रांत आगीइतकें मोठें संकट दुसरें नाहीं. यास्तव इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती यांस जहाजावर मनाई असते. पूजेचें निरांजन व उदबत्तीहि त्यांतच आली. घरच्या विजेच्या जोडणींत एक तार जमिनीशीं जोडलेली असते. जहाजावर बहुधा तशी नसते. त्यामुळें विजेचा लोंढा अडविणारें साधन बसविलेली एक्स्टेन्शन पट्टी तेथें तापून पेट घेण्याचा धोका असतो.

एक गोष्ट मात्र पिशवींत बसत नाहीं. ती म्हणजे संकटकाळच्या कवायतीची माहिती. १३ जानेवारी २०१२ रोजीं ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हें जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलें व ३२ माणसें प्राणांस मुकलीं. त्याच दिवशीं जहाजावर चढलेल्या कित्येक शें उतारूंची कवायत तोंपर्यंत झालेलीच नव्हती. त्या वेळच्या नियमाप्रमाणें ती चोवीस तासांच्या आंत घेतली तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून मात्र जहाज निघण्यापूर्वीं किंवा निघतांच ती घेणें आंतरराष्ट्रीय नियमानें बंधनकारक झालें. भोंग्याचे सात लहान व एक लांब स्वर ऐकूं आले कीं, नेमून दिलेल्या जागीं जमावयाचें, हें घरांतल्या प्रत्येकास, अगदीं लहानांसहि, पाठ असावें. जहाजावर पाऊल ठेवल्याबरोबर जीवरक्षक जाकिटें कोठें आहेत तें पाहावें, आणि मुलाच्या मापाचें जाकीट नसेल तर तेथील सेवकाकडून तें तत्काळ मागून घ्यावें. बॅगा उघडण्याचें काम त्यानंतर करावें.