काळ्या थराखालची गाडी

जुन्या गाडीचा सौदा होताना गिऱ्हाईक बॉनेटवरून हात फिरवतं, दार दोनदा उघडून लावतं, हॉर्न वाजवून पाहतं. खाली वाकून कुणी बघत नाही. भंडाऱ्याच्या महामार्गालगतच्या एखाद्या डेंटर-पेंटरला याचं कारण विचारलं, तर तो हसून म्हणेल, ‘खालतं कोन पायते जी?’ आणि गाडीचं खरं वय तर खालीच कळतं. तिथं बहुतेक वेळा एक जाड, काळा, खडबडीत थर असतो. मालकाला वाटतं, हा थर आहे म्हणजे पत्रा सुरक्षित आहे. हा समज जुन्या मोटारींना जितका महागात पडला, तितका पाऊसही पडला नसेल.

हा थर म्हणजे मुळात डांबराचा नातलग. बिट्युमेन, त्यात रबर आणि तंतू मिसळून केलेला लेप. चाकांनी उडवलेली खडी पत्र्याला टोचू नये, आवाज दबावा आणि पाणी लागू नये, यासाठी तो मारत. आपल्याकडं फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरच्या काळात पावसाळ्याआधी गाडीला खालून सरळ डांबर मारून घेण्याची पद्धतच होती. पहिली काही वर्षं हा लेप काम चोख करतो. मग त्यातला तेलकट अंश उडून जातो, तो कडक होतो आणि त्याला केसासारख्या भेगा पडतात. भेगेतून पाणी आत शिरतं, पण त्याच भेगेतून ते वाळून बाहेर पडू शकत नाही. ओला चिखल पत्र्याला कायमचा बांधून ठेवल्यासारखं होतं. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतं, त्यामुळं गंज लेपाला आतून ढकलत पसरत जातो. वरून मात्र सगळं काळं आणि शाबूत. ज्या भंडारा जिल्ह्यात वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि धानाच्या बांध्यांमधले रस्ते चार महिने ओले असतात, तिथं हा खेळ आणखी वेगानं चालतो.

स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत तर हा जिवाचा प्रश्न असतो. ब्रिटनची एमजीबी घ्या. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक तयार झालेली ही दोन आसनी गाडी. तिला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. तिच्या उघड्या प्रकाराचं छत कापडी, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचं सगळं ओझं दारांखालच्या दोन पोकळ पट्ट्यांवर. या पट्ट्यांना सिल म्हणतात. त्या एकात एक बसवलेल्या अनेक पत्र्यांच्या असतात आणि नेमक्या आतूनच सडतात. सडलेला पत्रा झाकायला कुणीतरी वीस वर्षांपूर्वी लांबी (पुट्टी) भरलेली असते, त्यावर काळा लेप. तो खरवडला की स्क्रू-ड्रायव्हर सरळ आत जातो. अशा वेळी उत्साहानं कटर चालवणारा गाडी कायमची वाकडी करतो. आधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे-तिरपे टेकू वेल्ड करायचे, दारांची फट मोजून लिहून ठेवायची, आणि मगच सिल कापायचं; तेही एका वेळी एकाच बाजूचं. नाहीतर गाडी मधोमध खचते आणि नवं सिल बसवल्यावर दार लागतच नाही.

खरवडणं हे काम कंटाळवाणं आहे, आणि त्याला सोपा रस्ता नाही. हॉट एअर गननं लेप मऊ करायचा आणि बोथट पात्यानं ओढून काढायचा. धूर निघाला तर उष्णता जास्त झाली असं समजावं. पेट्रोलची टाकी आणि नळ्या आधी उतरवलेल्याच हव्यात. उरलेला चिकट थर रॉकेल किंवा टर्पेंटाइनच्या चिंधीनं निघतो. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून सुरुवात करणाऱ्याच्या तोंडावर, भिंतीवर आणि शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर डांबर उडतं, बाकी काही होत नाही. ऋतूही पाहावा लागतो. मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात हा लेप चिकासारखा ताणला जातो; जानेवारीच्या पहाटे तोच ठिसूळ होऊन छिन्नीखाली खपल्यांनी निघतो. परदेशातल्या कार्यशाळा उणे ७८ अंशांच्या कोरड्या बर्फाचे कण झोतानं मारतात, त्यामागंही हेच तत्त्व: थंडीनं लेप तडकतो आणि पत्र्याला धक्का लागत नाही.

वाळूचा झोत मात्र टाळावा. पातळ पत्रा त्यानं ताणला जाऊन लाटा पडतात, आणि वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या काही लेपांत अ‍ॅस्बेस्टसचे तंतूही असत. म्हणून अशा गाडीचा लेप कोरडा घासू नये. ओला ठेवून खरवडावा आणि चांगला मास्क लावावा; नाकाला बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नव्हे. मिथिलीन क्लोराइड असलेल्या रंग काढण्याच्या द्रावणांवर अमेरिकेनं आधी घरगुती वापरासाठी आणि २०२४ मध्ये बहुतेक सर्व कामांसाठी बंदी घातली. बंद खोलीत त्याच्या वाफांनी माणसं मेली होती.

एवढं झाल्यावर उघडा पत्रा समोर येतो, आणि इथं भंडाऱ्याची गोष्ट सुरू होते. या जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीजच्या खाणी आहेत, वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, गडेगावला अशोक लेलँड. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो भंडाऱ्याचा पितळी भांड्यांचा जुना धंदा. ठोकून ठोकून धातू कडक होतो, तापवला की पुन्हा नरम पडतो, आणि जास्त ठोकला तर पसरतो, हे भांडी घडवणाऱ्याच्या हाताला ठाऊक असतं. मोटारीचा फुगलेला पत्रा जागेवर आणणं ही त्याच जातीची विद्या: एका बाजूनं डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरायची, दुसरीकडून हातोडी, आणि पत्रा पसरलाच असेल तर रुपयाएवढी जागा लाल करून भोवती ठोकायची आणि थंड करायची, म्हणजे तो आक्रसतो. हे कसब असेल तर लांबी कागदाइतकी पातळ लागते. नसेल तर बोटभर जाड, आणि तीच पुढं तडकते.

खड्ड्यांत रुतलेला गंज घासून पूर्ण जात नाही. तिथं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल वापरतात. टॅनिन गंजाशी संयोग पावून काळं, स्थिर लोहटॅनेट बनवतं. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून काळी शाई आणि काळा रंग करणाऱ्यांनी हेच रसायन शतकानुशतकं वापरलं. भंडाऱ्याच्या जंगलात हिरडा आहे म्हणून कुणी त्याचा काढा गाडीला लावावा असं मी सुचवत नाही. बाजारातल्या बाटलीत तेच टॅनिन मोजून-मापून येतं.

त्यानंतर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. दमट हवेत उघडा पत्रा रात्रीतून तांबूस होतो. आपल्या गॅरेजांची रेड ऑक्साइडवर श्रद्धा आहे, पण साधं रेड ऑक्साइड सच्छिद्र असतं. त्यावर गाडी पावसाळाभर उभी ठेवली की पाणी आत झिरपतं.

वरच्या रंगाबद्दल थोडक्यात. पूर्वी गाड्यांना बग्गीसारखे तेलव्हार्निशचे थर देत आणि ते वाळायला आठवडे लागत. १९२३ मध्ये ड्यूपाँटचा ड्युको हा नायट्रोसेल्युलोज लॅकर ‘ओकलंड’ गाड्यांवर आला आणि ते काम काही दिवसांवर आलं. आपल्याकडं लॅकरला आजही ड्युकोच म्हणतात. तो पावसाळ्यात मारला की हवेतला ओलावा धरून पांढुरका पडतो, आणि मे महिन्यात गनमधून पत्र्यावर पोहोचेपर्यंतच अर्धा वाळतो. भंडाऱ्यात रंगाचं काम दिवाळीनंतर काढावं, हे उत्तम. हल्लीचे टू-के (दोन घटकांचे) रंग चकाकतात जास्त, पण त्यांच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं कायमचा दमा लागू शकतो. पेंटरला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क परवडत नसेल तर मालकानं तो बिलात धरावा. नव्वदीच्या शेवटी गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्मसारख्या फायबरग्लासच्या गाडीचा न्याय वेगळा: तिची बॉडी गंजत नाही, पण हॉट एअर गननं तिला फोड येतात आणि रंग काढायचं द्रावण तिचाच वरचा थर खातं. तिथं घासायचं, तेही हातानं.

खरवडताना एका जागी हात सांभाळावा: चासी नंबरावर; नोंदणीला तो लागतो. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्रानं वेगळे नोंदणी नियम केले. पाटीवर ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती १० वर्षं टिकते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामांसाठीच गाडी रस्त्यावर काढता येते. गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको, ही अट. म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवावेत. मूळ रंगाचा एखादा टिकलेला पट्टा, डिकीच्या आत वगैरे, न पुसता ठेवावा. माझ्या मते सगळं नवं करून चकाचक केलेल्या गाडीपेक्षा असा पट्टा असलेली गाडी जास्त मोलाची.

शेवटी खालून पुन्हा डांबर मारायचं नाही. चाकांच्या कमानीत खडीचा मार बसतो, तिथं लवचीक लेप, तोही प्रायमर पूर्ण वाळल्यावर. सिलच्या पोकळीत लांब नळीनं मेण फवारायचं. ते कडक होत नाही, ओरखडा पडला तर सरकून भरतं. खालची पाणी जाण्याची भोकं तारेनं मोकळी करायची. हे मेण दर दोन-तीन वर्षांनी मृगाच्या आधी नव्यानं मारावं लागतं, आणि त्यासाठी गाडीखाली आडवं व्हावंच लागतं.