पेट्रोलची मुदत

पुष्कळ वर्षे एका जागी उभ्या असलेल्या मोटारीच्या टाकीचे झाकण उघडले असता जो आंबूस, जुन्या रोगणाचा दर्प येतो, त्याविषयी मला लहानपणापासून विलक्षण कुतूहल आहे. कारण ताज्या पेट्रोलच्या वासाशी त्याचे काहीच नाते लागत नाही, आणि बंद पेटीत नुसता पडून राहिलेला पदार्थ इतका परका कसा होतो, ह्या प्रश्नाला ‘शिळे झाले’ असे जे उत्तर गॅरेजात मिळते त्याने समाधान होत नाही. त्या दर्पाचे मूळ शोधू लागलो तो मोटारीपासून निघून पहिल्या महायुद्धातील एका विषारी वायूपाशी जाऊन पोचलो, आणि टाकी कशी साफ करावी ह्याविषयीचे माझे मतही त्याच वाटेवर पक्के झाले.

शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, तिचा कुर्ल्याचा कारखाना आणि तेथून निघून पुढे पद्मिनी म्हणून नांदलेली १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची फियाट, ह्यांची हकीकत वाचकांस सांगावयास नको. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ह्या जातीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. परंतु घरगुती मालकीच्या पद्मिनी अद्याप वाड्यांच्या आवारात आणि बंगल्यांच्या पडव्यांत ताडपत्रीखाली उभ्या आहेत, आणि वारसाहक्काने अशी गाडी ज्याच्या वाट्यास येते तो आधी रंगाकडे पाहतो, मग बॅटरीकडे, मग टायरांकडे, आणि टाकीची आठवण त्याला इंजिन दोन आचके देऊन बंद पडल्यावर होते.

टाकीला जडणारे रोग दोन. पहिला गंजाचा. टाकी दिवसा तापली की आतली हवा बाहेर जाते, रात्री निवली की दमट हवा आत ओढली जाते, तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, आणि ते पेट्रोलहून जड असल्यामुळे तळाशी बसून पत्रा खाऊ लागते. कोकणपट्टीच्या चार पावसाळ्यांना ह्याहून अधिक साहाय्य लागत नाही. त्या काळी टाकीच्या पत्र्यावर बहुधा शिसे आणि कथील ह्यांच्या मिश्रधातूचा पातळ मुलामा देत. जस्ताचा मुलामा स्वतः झिजून लोखंडाला राखतो. ह्या मुलाम्याचा धर्म उलट आहे, तो जेथे खरवडला जातो तेथे उघड्या पडलेल्या लोखंडाचा क्षय अधिकच त्वरेने होतो, आणि सुईच्या अग्राएवढी छिद्रे पडतात ती ह्याच कारणाने.

दुसरा रोग गोंदाचा, आणि माझ्या मते तोच मुख्य. गंज डोळ्यांना दिसतो, टाकी हलवली असता वाजतो, म्हणून सगळे त्याच्यामागे धावतात; तपकिरी, चिकट आणि कालांतराने काचेसारखा कडक होणारा हा लेप मात्र गंजावरच पांघरूण घालून बसतो, नळीत, फ्लोटच्या कोठीत आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन घट्ट होतो, आणि गंज काढण्यासाठी ओतलेले आम्ल त्याच्यावरून निसटून परत येते.

पेट्रोलला गोंद धरण्याची व्याधी मोठ्या प्रमाणावर जडली ती विल्यम बर्टन ह्याच्या १९१३ च्या पेटंटानंतर. जड तेलाचे रेणू उष्णतेने व दाबाने तोडून पेट्रोलचे उत्पन्न वाढविण्याची त्याची युक्ती अमेरिकेतील तेलकंपन्यांना फारच फलदायी झाली, परंतु अशा तोडलेल्या पेट्रोलात असंपृक्त हायड्रोकार्बने पुष्कळ असतात, आणि हवेतील ऑक्सिजन त्यांच्याशी सहज संग करतो. ह्या संगाचे रहस्य मात्र तेलाच्या कारखान्यात उलगडले नाही.

ते उलगडले शार्ल मूरो ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत. १८६३ साली जन्मलेला हा गृहस्थ पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक होता, उष्ण झऱ्यांतून निघणाऱ्या दुर्मिळ वायूंचा अभ्यासक होता, आणि महायुद्धात विषारी वायूंच्या संशोधनाची जोखीम त्याच्याकडे आली होती. फ्रेंच सैन्याला ॲक्रोलीन हवे होते. फराळाच्या दिवसांत कढईतले तेल करपले म्हणजे घरभर जो धूर डोळ्यांना झोंबतो त्यातला मुख्य अपराधी हाच पदार्थ. शत्रूच्या खंदकात तो सोडण्याचा बेत होता. अडचण एवढीच होती की साठवलेले ॲक्रोलीन आपोआप थिजून पांढरी, निरुपद्रवी राळ बनत असे. मूरो आणि त्याचा तरुण सहकारी शार्ल द्युफ्रेस ह्यांनी ह्या थिजण्यामागे ऑक्सिजन आहे हे ओळखले, आणि हायड्रोक्विनोनासारख्या फिनॉलवर्गीय द्रव्याचा अगदी अल्प अंश मिसळला असता ॲक्रोलीन टिकते असे त्यांना दिसून आले.

संहाराच्या सेवेत लागलेला हा शोध शांततेच्या काळात ज्या चिकाटीने त्यांनी पुढे नेला ती मला अत्यंत आदरणीय वाटते. काचेच्या नळीत पदार्थ आणि ऑक्सिजन कोंडून खाली पाऱ्याचा स्तंभ ठेवावयाचा, ऑक्सिजन शोषला जाईल तसतसा पारा वर चढेल, आणि रोधक द्रव्य गुणकारी असेल तर तो जागच्या जागी राहील, इतकी साधी त्यांची रचना होती. तिच्यावर त्यांनी शेकडो द्रव्ये तपासली, आणि १९२२ पासून आपले निष्कर्ष क्रमाने प्रसिद्ध केले. एका ठिकाणी रक्षण करणारे द्रव्य दुसऱ्या ठिकाणी नाशाला साह्यभूत होते, हेही त्यांनी लपविले नाही.

वाद पेटला तो पुढे. मूरोचे म्हणणे असे की रोधक द्रव्य हा उत्प्रेरक आहे. ते ऑक्सिजनच्या संगातून बनलेल्या नवजात पेरॉक्साइडाचा विध्वंस करते, ऑक्सिजन मोकळा सोडते आणि स्वतः अक्षत राहते. १९२७ मध्ये हान्स बेकस्ट्रम ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने प्रतिपादन केले की ऑक्सिडीभवन ही साखळी आहे, एक रेणू दुसऱ्याला चेतवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि रोधक द्रव्य ही साखळी तोडते. आणि १९२९ मध्ये ह्यूबर्ट अल्ये आणि बेकस्ट्रम ह्यांनी सोडियम सल्फाइटवरील प्रयोगांतून दाखवून दिले की साखळी तोडताना रोधक स्वतःच ऑक्सिडीभूत होऊन खर्ची पडते. गडाच्या दरवाजावरचा पहारेकरी प्रत्येक शत्रूबरोबर एकेक करून पडत जावा, तशी ती गत आहे. त्याच १९२९ साली मूरो निवर्तला. ह्या विशिष्ट मुद्द्यावर निकाल त्याच्या विरुद्ध गेला, तथापि ज्या प्रश्नावर निकाल द्यावयाचा तो प्रश्नच त्याने निर्माण केला होता, हे श्रेय त्याच्या पदरात घालण्यात इतिहासकारांनी फार कृपणता केली आहे असे मला वाटते.

तेलशुद्धीचे कारखाने पेट्रोलात जे रोधक मिसळतात ते ह्याच संशोधनाच्या वंशातले. ते खर्ची पडते, म्हणून पेट्रोलला मुदत असते. आणि मुदत सरल्यावर गोंद सावकाश न वाढता साखळीच्या न्यायाने झपाट्याने वाढतो. तांब्याचा नुसता लेश असला तरी हा वेग आणखी चढतो. ह्यावर उतारा शोधणाऱ्यांत ड्यू पाँट कंपनीतील चार्ल्स पेडरसन हा अग्रणी होता. कोरियात १९०४ साली जन्मलेल्या, डॉक्टरेटची पदवी कधीही न घेतलेल्या ह्या माणसाने तांब्याचा अणू सर्व बाजूंनी वेढून निष्क्रिय करणारी द्रव्ये तयार केली. धातूच्या कणाला रेणूने कवेत घेण्याचा हाच छंद त्याला पुढे मुकुट-ईथरांकडे घेऊन गेला, आणि १९८७ चे नोबेल पारितोषिक त्याला त्याबद्दल मिळाले. पेट्रोलात मिसळावयाच्या टेट्राएथिल लेड ह्या शिसेयुक्त द्रव्याचे उत्पादन सुधारणे हेही त्याच्या उमेदवारीच्या काळातले काम होते.

त्या शिशाची आठवण टाकी उघडताना अवश्य ठेवावी. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. तत्पूर्वी उभी राहिलेली गाडी असेल तर तळाचा गाळ हातमोज्यांवाचून हाताळू नये आणि मोरीत ओतू नये.

आता प्रत्यक्ष साफसफाई. बॅटरीची जोडणी सोडवून, टाकी उतरवून, उघड्या जागेत तिच्यातील द्रव काढावा. भरल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक, कारण पेट्रोलची वाफ हवेत सुमारे १.४ ते ७.६ टक्के असतानाच स्फोट पावते. भरल्या टाकीतली वाफ ह्या मर्यादेच्या वर असते, रिकामीतली नेमकी आत येते. म्हणून छिद्र झाळण्याची घाई करणाऱ्या कारागिराला, तो कितीही मुरलेला असो, टाकी गरम पाण्याने आणि धुण्याच्या सोड्याने वारंवार धुतल्याखेरीज ज्योत जवळ आणू देऊ नये. आत साखळी घालून खळखळवण्याची जी सर्रास पद्धत आहे तिच्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे: ती मुलामा खरवडते, कोपऱ्यांत पोचत नाही, आणि गोंदाला ढिम्म हलवत नाही.

आधी गोंद, मग गंज, हा क्रम सोडू नये. गोंदासाठी ॲसिटोन घालून टाकी दिवसभर वेगवेगळ्या कुशींवर ठेवावी. तेही ज्वालाग्राही आहे, तेव्हा बंदोबस्त तोच. मग पाणी, मग सोडा. त्यानंतरच गंजाकडे वळावे. किरकोळ असेल तर सायट्रिक आम्ल पुरते. दाट असेल तर सोड्याचे पाणी भरून, पत्र्याला न टेकेल अशी साध्या लोखंडाची सळई मध्यभागी टांगून, टाकी चार्जरच्या ऋण टोकाला आणि सळई धन टोकाला जोडावी. स्टेनलेस स्टीलची सळई वापरू नये, तिच्यातून क्रोमियमचे विषारी क्षार निघतात. आणि हायड्रोजन सुटतो म्हणून तोंड उघडे ठेवावे. गोंद शिल्लक असेल तेथे विद्युत्प्रवाह पोचतच नाही, ह्यावरून क्रमाचे महत्त्व ध्यानी यावे. धुतलेला उघडा पत्रा बघता बघता पुन्हा गंजतो, तेव्हा गरम हवेने तत्काळ सुकवून आत पातळ तेल फिरवावे. आतून अस्तर लावण्याचा मोह छिद्रे नसतील तर आवरावा. जुन्या प्रकारची कित्येक अस्तरे इथेनॉलने सुटतात आणि त्यांचे पापुद्रे जेटमध्ये जातात.

हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते नळ्यांतला उरलासुरला गोंद सैल करते आणि पाणी ओढून घेते. म्हणून पहिल्यांदा थोडेच पेट्रोल भरावे, कार्बोरेटरच्या आधी पारदर्शक गाळणी बसवावी आणि ती मळताच बदलावी. पंपाचा जुना रबरी पडदाही त्याच वेळी बदलणे इष्ट. गाडी पुन्हा दीर्घकाळ उभी ठेवण्याची वेळ आली तर रोधक द्रव्य पेट्रोल ताजे असतानाच मिसळावे, कारण एकदा धरलेला गोंद त्याने विरघळत नाही. आणि मिसळल्यावर इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे रोधकयुक्त पेट्रोल फ्लोटच्या कोठीपर्यंत पोचते.