बारामती व इंदापूर तालुक्यांतील शिकारी पक्षी

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. येथील वार्षिक पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास असून तोही बेभरवशाचा आहे. नीरा व कऱ्हा या नद्यांच्या काठची कालव्याखालील बागायत, भीमेवरील उजनी धरणाचा फुगवटा आणि या दोहोंच्या मधले खुरट्या गवताचे, काटेरी झुडपांचे माळ अशी या प्रदेशाची ठळक विभागणी करता येते. सर्वसामान्य वाचकाला येथील पक्षी म्हटले की भिगवणचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आठवतात. परंतु घार, गरुड, ससाणे, भोवत्ये, घुबडे अशा शिकारी पक्ष्यांच्या दृष्टीने पाहिल्यास या दोन तालुक्यांचे खरे वैभव माळरानात आहे, आणि आज अधिक धोक्यात आहे तेही माळरानच.

माळरान

माळ हे जंगल तुटून उरलेले उजाड रान आहे, हा समज चुकीचा आहे. कमी पाऊस, उथळ मुरमाड जमीन आणि मेंढपाळांची पिढ्यान्‌पिढ्यांची चराई यांतून टिकून राहिलेली ही स्वतंत्र परिसंस्था आहे. पावसाळ्यात गवत गुडघाभर वाढते, दिवाळीनंतर ते सोनेरी होते आणि उन्हाळ्यात जमीन जवळजवळ उघडी पडते. या चक्राशी येथील प्राण्यांचे जीवन बांधलेले आहे. चिंकारा, लांडगा, खोकड, ससा यांच्याबरोबर धाविक, पखुर्डी, माळटिटवी, तित्तर, डोंबारी चंडोल, खाटीक हे पक्षी येथे राहतात. त्यांपैकी अनेकांची घरटी म्हणजे जमिनीवरील एखादा साधा खळगा असतो. उंदीर, सरडे, साप आणि नाकतोडे यांची येथे रेलचेल असते. शिकारी पक्ष्यांचे अन्न ते हेच.

बारामती तालुक्यातील सुपे येथे ५ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक क्षेत्र १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य म्हणून घोषित झाले. ते मुख्यतः चिंकाऱ्यासाठी ओळखले जाते. जवळच्या मोरगावच्या गणपतीवरून त्याला हे नाव मिळाले. अभयारण्य लहान असले तरी भोवतालच्या माळांमुळे त्याचा उपयोग मोठा आहे, कारण शिकारी पक्ष्याला एका दिवसात फिरावे लागणारे क्षेत्र कोणत्याही कुंपणात मावणारे नसते. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी व बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथील गवताळ वनक्षेत्रेही अभ्यासकांच्या परिचयाची आहेत.

भोवत्ये

माळावरील शिकाऱ्यांत भोवत्यांचे स्थान वेगळे आहे. मध्य आशियातील गवताळ प्रदेशात वीण आटोपून माँटेग्यूचा भोवत्या व पांढुरका भोवत्या हे पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास दख्खनमध्ये येतात व मार्च-एप्रिलमध्ये परततात. दोहोंतील नर राखाडी, तर माद्या तपकिरी असतात. माद्या व अपरिपक्व पक्षी उडताना ओळखणे जाणकारांनाही अवघड जाते. पंख किंचित वर उचलून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा आकार करीत, गवताच्या शेंड्यांवरून जेमतेम माणसाच्या उंचीने हे पक्षी तरंगत जातात. नजरेबरोबर कानांचाही ते शिकारीसाठी उपयोग करतात. घुबडाप्रमाणे त्यांच्या चेहऱ्याभोवती पिसांचे कडे असते व त्यामुळे गवतातील खसखस त्यांना टिपता येते.

भोवत्यांची सर्वांत लक्षणीय सवय संध्याकाळी दिसते. दिवसभर एकेकटे फिरणारे हे पक्षी सूर्यास्ताच्या सुमारास ठरलेल्या गवताळ जागेवर गोळा होतात आणि झाडावर न बसता गवतातच जमिनीवर रात्र काढतात. अशा रातथाऱ्यांपैकी गुजरातेतील वेळावदर हा जगप्रसिद्ध आहे. रातथाऱ्यावर न पचलेल्या भागांच्या गुठळ्या पडलेल्या आढळतात. त्या तपासल्यास आहारात नाकतोडे व टोळ यांचा वाटा किती मोठा आहे हे कळते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा पक्षी बिनपगारी राखणदारच म्हणावा लागेल. मात्र ज्या गवतात तो निजतो ते गवत नांगरले, जाळले किंवा खड्डे खणून तेथे झाडे लावली, तर त्याला दुसरीकडे जाण्यावाचून पर्याय राहत नाही.

निवासी शिकारी

वर्षभर येथे राहणाऱ्यांत कापशी सर्वांत सहज दिसते. पांढरी-राखाडी, लाल डोळ्यांची ही लहान घार विजेच्या तारेवर बसलेली असते, किंवा हवेत एकाच जागी पंख फडफडवीत खालचा उंदीर हेरत असते. हीच पद्धत हिवाळ्यात येणाऱ्या खरूचीचीही आहे. शिक्रा वस्तीजवळच्या झाडीत आढळतो. पांढुरक्या डोळ्यांचा तिसा बाभळीच्या शेंड्यावर तासन्‌तास निश्चल बसतो. सापमार गरुड नावाप्रमाणे सापांवर उपजीविका करतो. मोरघार जोडीने शिकार करण्यासाठी ख्यात आहे. पिंगट गरुड, लगड ससाणा व तुरुमती हे कोरड्या, मोकळ्या प्रदेशाचे पक्षी असून त्यांची संख्या भारतभर घटली आहे. रात्री ओढ्याकाठच्या दरडींतून शृंगी घुबडाचा घुमणारा आवाज येतो. त्याच्याविषयीच्या अंधश्रद्धांनी या निरुपद्रवी पक्ष्याचे जितके नुकसान केले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल.

गिधाडांचा उल्लेख आता भूतकाळातच करावा लागतो. जनावरांच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडांच्या तीन प्रजाती ९० टक्क्यांहून अधिक घटल्या. मेलेल्या जनावरातून औषध पोटात गेले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. रसायनाने शिकारी पक्ष्यांची पिढी संपत आल्याचे असेच उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथे डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन बहिरी ससाणा व ऑस्प्रे यांची वीण खुंटली होती. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आल्यानंतर फ्लोरिडापासून उत्तरेकडील राज्यांपर्यंत ऑस्प्रे पुन्हा स्थिरावला.

उजनीचा फुगवटा

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. बांध सोलापूर जिल्ह्यात असला तरी ‘यशवंतसागर’ जलाशयाचे पाणी इंदापूर तालुक्यात दूरवर पसरले आहे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील निम्म्याहून अधिक मृत साठा आहे. त्यामुळे उन्हाळ्यात धरण ‘मायनसमध्ये’ गेल्याच्या बातम्या येतात, पळसदेवचे बुडालेले मंदिर उघडे पडते आणि नेमक्या याच काळात उथळ चिखलपट्ट्यांवर रोहित, शराटी, चमचे, पाणटिवळे यांची गर्दी होते. जी टंचाई माणसाला जाचते ती या पक्ष्यांना अन्न देते.

या गर्दीच्या मागे शिकारी येतात. दलदली भोवत्या बदकांच्या थव्यावरून घिरट्या घालतो, तेव्हा सारा थवा एकदम उठतो. बहिरी ससाणा उंचावरून सूर मारतो. हिवाळी पाहुणा ऑस्प्रे केवळ मासे खातो. पाण्यात पाय पुढे करून झेप घेतल्यावर मासा निसटू नये म्हणून त्याच्या तळव्यांवर खरखरीत काटे असतात व बाहेरचे बोट मागे वळू शकते. पकडलेला मासा तो डोके पुढे करून नेतो. उजनीत मुबलक असलेली चिलापी ही मूळ आफ्रिकेतील माशाची जात त्याच्याही ताटात आली आहे. पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी नदीवाटे याच जलाशयात येते, ही बाब मात्र माशांवर जगणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीने चिंतेची आहे.

संवर्धनाचा प्रश्न

भारतातील सर्व शिकारी पक्ष्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. कायदा पक्ष्याला मिळाला, त्याच्या जमिनीला मात्र नाही. शासकीय व्यवहारात माळाची गणना बहुधा ‘पडीक’ या सदरात होते आणि पडीक म्हटले की ती उपयोगात आणणे ओघानेच येते. पाणी पोहोचले तेथे ऊस आला, रस्त्यालगत औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. हे समजण्यासारखे आहे. पण चांगल्या हेतूने झालेले वृक्षारोपणही येथे अपायकारक ठरू शकते. चर खणून गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली की गवत मागे हटते. त्याबरोबर धाविक व चंडोल जातात आणि पाठोपाठ भोवत्या. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे १९७९ मध्ये अभयारण्य होऊनही माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला, हे उदाहरण फार दूरचे नाही.

अलीकडे वन विभागाने कडबनवाडी व शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेश सफारी सुरू केली असून स्थानिक तरुणांना मार्गदर्शकाचे काम मिळाले आहे. भिगवणजवळ कुंभारगाव व डिकसळ येथील मच्छीमार आधीपासूनच पक्षीनिरीक्षकांना होडीतून नेतात.

पक्षीनिरीक्षण

भिगवण पुणे-सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. शिकारी पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. रोहित पाहायचे असल्यास जानेवारीनंतर जावे. भोवत्यांच्या रातथाऱ्याकडे सूर्यास्तानंतर दिवे घेऊन किंवा गाडीने जाऊ नये, कारण एकदा उठवलेला पक्षी अंधारात पुन्हा तेथे उतरेलच असे नाही.