बोटभर उठाव

गडमुडशिंगीहून निघून, कोल्हापूर ओलांडून करवीर तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला गेलं की बीड लागतं. हे गाव वीरगळांसाठी, म्हणजे वीरांच्या आठवणीत उभारलेल्या दगडांसाठी, ओळखलं जातं. उभी दगडी फळी आणि तिच्यावर जेमतेम बोटभर उठलेली माणसं. ती पाहून हमखास कुणीतरी म्हणतं, "पाथरवट नवखा असणार, पुरतं कोरायला जमलं नाही."

जमत नव्हतं असं मुळीच नाही. याच जिल्ह्यात खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या गजपीठावरचे हत्ती बघा, भिंतीतून चालत बाहेर आल्यासारखे. तिथला सिंघण यादवाचा शिलालेख शके ११३६ चा. म्हणजे त्या काळी खोल आणि उथळ, दोन्ही हात बसलेले होते. कुठं कोणता चालवायचा, ते ठरवून व्हायचं. उलट उथळ कामच अवघड. हातभर रुंदीचा घोडा बोटभर जाडीत बसवायचा, तर अलीकडचा पाय किती वर ठेवायचा आणि पलीकडचा किती दाबायचा, हा हिशेब टाकी लावण्याआधीच पक्का हवा. शिवाय वीरगळ उघड्यावर राहणार. ऊन, पाऊस, अंग घासणारी गुरं. बाहेर आलेली सोंड किंवा नाक आधी तुटतं. दगडाला धरून असलेलं टिकतं.

आकृती दगडावर नंतर बसवलेली असते, हाही एक समज. आकृती वर येत नाही, भोवतालचा दगड खाली जातो. चौकटीची कड बघा, बहुधा तीच मूळ पातळी.

सगळ्यात मोठा घोळ वाचण्याचा. आपण वरून खाली वाचतो, वीरगळ खालून वर वाचायचा. तळाशी लढाई किंवा पळवून नेलेली गुरं, आणि आडवा पडलेला वीर. त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. त्याहून वर तोच वीर शिवलिंगापुढं हात जोडून. शेंड्याला कलश, चंद्र-सूर्य. ही कबर नव्हे आणि मूळचा देवही नव्हे, मेलेल्या माणसाची आठवण आहे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं आणि समुद्रावरची लढाई आहे.

आता रंगाचं. ऑइलपेंट मारला की दगड जपला जातो, असं गावोगाव मानतात. भाव खरा, पण उथळ उठावाचा याच्याएवढा वैरी दुसरा नाही. मूर्तीवर रंगाचे चार थर चढले तरी नाक नाकच राहतं. इथं मात्र तलवारीची धार आणि बोटांमधली फट तांदळाच्या दाण्याएवढी. दोन-तीन जत्रांत ती बुजते. मग रंग खरवडायला तारेचा ब्रश येतो आणि उरलंसुरलं घेऊन जातो.

आणि "काही दिसतच नाही" म्हणणारे बहुतेक ऊन दगडावर समोरून पडत असताना गेलेले असतात. समोरच्या उजेडात सावली जवळजवळ दिसतच नाही. ऊन दगडावर कडेनं येईल अशा वेळी जा, नाहीतर अंधार पडल्यावर बॅटरी समोरून न मारता दगडाच्या कडेला टेकवून धरा. सपाट वाटणाऱ्या फळीवर आधी घोड्याची मान उठते, मग लगाम, मग लगाम धरलेली मूठ.