शीतयुद्ध : सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुसरं महायुद्ध संपलं आणि काल-परवापर्यंत मित्र असलेले अमेरिका व सोव्हिएत संघ एकमेकांसमोर उभे ठाकले. भांडवलशाही की साम्यवाद, या प्रश्नाभोवती १९९१ च्या अखेरीपर्यंत जगाचं राजकारण फिरत राहिलं. शाळेत हा विषय दोन-चार पानांत उरकला जातो आणि तेवढ्याच शिदोरीवर आपण पुढे मतं बनवतो. आजही जगाची सरळ दोन गटांत वाटणी करून बोललं जातं. म्हणून या काळाविषयीचे काही पक्के समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज १ : शीतयुद्धात प्रत्यक्ष लढाई झालीच नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही महासत्तांनी एकमेकींविरुद्ध युद्ध पुकारलं नाही, एवढंच खरं. रक्त सांडलं ते इतरांच्या भूमीवर. कोरिया, व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान या देशांत लाखो माणसं मेली. कोरियाच्या युद्धात (१९५०-५३) सोव्हिएत वैमानिक चिनी आणि उत्तर कोरियाच्या खुणा रंगवलेल्या मिग-१५ विमानांतून अमेरिकी विमानांशी थेट लढत होते. वॉशिंग्टनला याची कल्पना होती. पण उघड वाच्यता झाली तर तिसरं महायुद्ध पेटेल, या धास्तीने दोन्ही बाजूंनी तोंडावर बोट ठेवलं. युद्धविरामानंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या हजारो युद्धकैद्यांची जबाबदारी भारतावर आली. त्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचं नेतृत्व मेजर जनरल एस. पी. पी. थोरात या मराठी सेनानीकडे होतं.

गैरसमज २ : हा लोकशाही विरुद्ध हुकूमशाही असा लढा होता.

वस्तुस्थिती : हे अर्धसत्य आहे. सोव्हिएत रणगाड्यांनी १९५६ मध्ये हंगेरीतला उठाव चिरडला आणि १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियातला सुधारणांचा प्रयत्न मोडून काढला. साम्यवादी राजवटींतली दडपशाही नाकारता येणारच नाही. पण दुसऱ्या गोटाचा हिशेबही मांडला पाहिजे. इराणचे पंतप्रधान मोसादेघ यांनी तेलउद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं. १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्या गुप्तचर यंत्रणांच्या मदतीने त्यांचं सरकार उलथवलं गेलं. पुढच्याच वर्षी ग्वातेमालात लोकांनी निवडून दिलेल्या आर्बेन्झ सरकारचीही तीच गत झाली.

आपल्या अगदी दाराशी घडलेलं उदाहरण म्हणजे गोवा. १९४९ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने 'नाटो' ही लष्करी संघटना स्थापन झाली, तेव्हा बारा संस्थापक सदस्यांत हुकूमशहा सालाझार यांचा पोर्तुगाल होता. तिथे ना खुल्या निवडणुका, ना वृत्तपत्रस्वातंत्र्य. १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसोबत काढलेल्या संयुक्त निवेदनात गोव्यासारख्या वसाहतींचा उल्लेख पोर्तुगालचे 'प्रांत' असा झाला. भारतात संतापाची लाट उसळली. त्याच सुमारास भारतभेटीवर आलेल्या ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन या सोव्हिएत नेत्यांनी मात्र गोव्याच्या प्रश्नावर भारताची बाजू उचलून धरली. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. तेव्हा भारताने माघार घ्यावी, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी सुरक्षा परिषदेत आणला. त्याच्या बाजूने सात आणि विरोधात चार मतं पडली. तो सोव्हिएत नकाराधिकारामुळे फेटाळला गेला. साडेचारशे वर्षांची वसाहत संपत असताना लोकशाहीचा झेंडा मिरवणारे हुकूमशहाच्या बाजूने उभे होते, आणि हंगेरी चिरडणारे स्वातंत्र्याच्या.

गैरसमज ३ : सगळे साम्यवादी देश मॉस्कोच्या मुठीत होते.

वस्तुस्थिती : युगोस्लाव्हियाचे टिटो १९४८ मध्येच स्टालिनपासून फुटले. १९६९ च्या मार्चमध्ये उसुरी नदीतल्या एका बेटावरून चिनी आणि सोव्हिएत सैनिकांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. तीन वर्षांत अमेरिकेचे कट्टर साम्यवादविरोधी अध्यक्ष निक्सन बीजिंगमध्ये माओंशी हस्तांदोलन करत होते. १९७९ मध्ये तर साम्यवादी चीनने साम्यवादी व्हिएतनामवर हल्ला केला. राष्ट्रहित आडवं आलं, की विचारसरणीचं नातं तुटायला वेळ लागला नाही.

गैरसमज ४ : अलिप्ततावाद म्हणजे कुंपणावर बसणं.

वस्तुस्थिती : दोन्ही गटांपासून अलिप्त राहून भारताने दोन्हीकडून काय मिळवलं, हे मुंबईपासून फार लांब न जाताही दिसतं. पवईची आयआयटी १९५८ मध्ये सुरू झाली, ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत यंत्रसामग्री आणि तज्ज्ञांच्या मदतीने. तिथून उत्तरेला तारापूरची अणुभट्टी मात्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारली. तिथे १९६९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. पोलादाचंही तसंच. भिलाईला सोव्हिएत संघ, रुरकेल्याला पश्चिम जर्मनी आणि दुर्गापूरला ब्रिटन आला. १९६२ च्या चिनी आक्रमणात भारताने अमेरिकेकडून शस्त्रं घेतली आणि १९७१ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला. हंगेरी आणि अफगाणिस्तान इथल्या सोव्हिएत लष्करी हस्तक्षेपाबाबत भारताची भूमिका मिळमिळीत होती, ही टीका रास्त आहे. पण त्यामुळे सगळं धोरणच सोव्हिएत दावणीला बांधलेलं होतं, असं ठरत नाही.

गैरसमज ५ : क्युबात केनेडींनी डोळे वटारले आणि ख्रुश्चेव्ह यांनी शेपूट घातलं.

वस्तुस्थिती : सोव्हिएत संघाने क्युबात बसवलेली क्षेपणास्त्रं मागे घेतली, पण ती देवघेव होती. २७ ऑक्टोबर १९६२ च्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना शब्द दिला : क्युबावर हल्ला करणार नाही आणि तुर्कस्तानातली आमची ज्युपिटर क्षेपणास्त्रंही काढून घेऊ, मात्र तुर्कस्तानची गोष्ट गुप्त राहिली पाहिजे. १९६३ च्या एप्रिलपर्यंत ती क्षेपणास्त्रं हलवली गेली. गुप्ततेची अट कित्येक वर्षं पाळली गेली, म्हणून जगाला एकाच बाजूची माघार दिसली. दोन्ही नेत्यांनी तडजोड केली आणि जग वाचलं. यात लाजिरवाणं काहीच नव्हतं.

गैरसमज ६ : अमेरिकेने सोव्हिएत संघ मोडला.

वस्तुस्थिती : शस्त्रस्पर्धेचा ताण होताच; पण घर आतून पोखरलं होतं. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि परकीय चलन आटलं. चेर्नोबिलची अणुदुर्घटना, अफगाणिस्तानातून येणाऱ्या शवपेट्या आणि दुकानांपुढच्या रांगा यांमुळे लोकांचा विश्वास उडाला होता. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या खुलेपणाच्या धोरणामुळे तो राग बोलून दाखवता आला. खुद्द अमेरिकेला हे विघटन नको होतं. १ ऑगस्ट १९९१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनी कीव्हमध्ये भाषण करून आत्मघातकी राष्ट्रवादापासून सावध राहायला सांगितलं. चारच महिन्यांनी, १ डिसेंबरला, युक्रेनच्या ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. २५ डिसेंबरला गोर्बाचेव्ह पायउतार झाले.

गैरसमज ७ : दोन्ही महासत्तांनी मिळून काहीच चांगलं केलं नाही.

वस्तुस्थिती : देवीचा रोग आज जगात नाही. जगातून देवीचं उच्चाटन करण्याचा प्रस्ताव १९५८ मध्ये सोव्हिएत संघाचे उप-आरोग्यमंत्री व्हिक्तोर झ्दानोव यांनी जागतिक आरोग्य परिषदेत मांडला. १९६७ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मोहिमेची धुरा डोनाल्ड हेंडरसन या अमेरिकी डॉक्टरांनी वाहिली. सोव्हिएत संघाने उष्णतेत टिकणारी कोरडी लस कोट्यवधी मात्रांत पुरवली. शत्रुत्व ऐन भरात असताना हे काम चालू राहिलं. भारतातला शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं.

महासत्तांच्या घोषणा आणि त्यांची करणी यांत किती अंतर होतं, ते यातून दिसतं. त्या अंतराची किंमत इराण, कोरिया, हंगेरी आणि अफगाणिस्तान इथल्या साध्या माणसांनी मोजली. आजही एखादा देश 'आपल्या गटातला' म्हणून त्याच्यामागे उभं राहण्याआधी त्याने मतदान कुठे केलं, शस्त्रं कुणाला विकली आणि कुणाचं सरकार पाडलं, एवढं तपासा. बाजू त्यानंतर ठरवा.