गूढ मालिकेची पर्वे कशी आखतात?

अतींद्रिय शक्ती लाभलेल्या माणसांची कथा अनेक पर्वांत सांगायची, तर त्या शक्तीची मर्यादा आधी ठरवावी लागते. झी मराठीवर सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ची नायिका नेत्रा हिला पुढे घडणाऱ्या गोष्टी आधी दिसतात. मूळ कल्पना ‘त्रिनयनी’ या बंगाली मालिकेची. भविष्य दिसणे वेगळे आणि ते बदलता येणे वेगळे. कथेला ताण मिळतो तो या दोहोंमधल्या अंतरातून. नायिकेला सगळेच साधू लागले, तर प्रेक्षकाला काळजी करायला काही उरत नाही.

पर्वांच्या आखणीचा सर्वांत शिकण्यासारखा मराठी नमुना म्हणजे ‘रात्रीस खेळ चाले’. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावात चित्रित झालेल्या या मालिकेचे पहिले पर्व २०१६ साली आले आणि नाईकांच्या वाड्यातली कथा कुटुंबप्रमुख अण्णांच्या मृत्यूपासून सुरू झाली. २०१९च्या दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेला. माधव अभ्यंकर यांचे हयात अण्णा आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता, म्हणजे अण्णांची प्रेयसी, तिथे दिसली. शेवट ठाऊक असूनही लोक खिळून राहिले, कारण ‘काय झाले’पेक्षा ‘कसे झाले’ हा प्रश्न मोठा ठरला. हा निर्णय धाडसी होता आणि अचूकही. गूढाला मालवणी बोलीचा, घरातल्या भांडणांचा भक्कम आधार होता. भीती खरी वाटली ती त्यामुळेच. २०२१ मध्ये तिसरे पर्व सुरू झाले, तेव्हा अण्णा आणि शेवंता भुतांच्या रूपात परतले.